समोरचा वारा

"यंदा तू पुढं बस," रेजीस म्हणाला आणि पावाला लोणी लावत राहिला. सुरी पावाची कड ओलांडून टेबलावर उतरली होती आणि थोडं लोणी मेणकापडाला लागत होतं, पण ते त्याला दिसत नव्हतं. खिडकी लाव म्हणावं तितक्या सहजपणे तो बोलला होता. सोलांजने कॉफीचा वाडगा दोन्ही हातांनी तोंडापाशी आणला होता, तो तिथेच राहिला. खालून ट्राम गेली आणि कपाटातल्या बशा नेहमीसारख्या किणकिणल्या. या शहरात, या घरात, या टेबलाशी बसून इतकी वर्षं झाली, पण बशांचा तो आवाज आपण आजवर नीट ऐकलाच नव्हता असं तिला वाटलं.

"कुठं पुढं?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं कुठे ते.

"सायकलवर. मी मागं बसतो. नाही म्हणालीस तरी चालेल. रविवारी ते जोडपं बघायला येतंय, त्यांना देऊन टाकू. पोरं चांगली वाटली फोनवर. पुसूनबिसून ठेवतील."

खाली जिन्याच्या बोळात भिंतीला टेकून ती उभी होती. दोघांनी एकामागे एक बसून चालवायची लांब हिरवी जोडसायकल. लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतात घेतलेली. पुढच्या जागेवर रेजीस, मागच्या जागेवर सोलांज, हे कुणी ठरवलं नव्हतं. दुकानातून सायकल बाहेर काढली तेव्हा तो पुढे बसला आणि ती मागे बसली, तेवढंच. पुढच्याच्या हातात सुकाणू, पुढच्याच्याच हातात सगळे ब्रेक. मागच्याला धरायला एक दांडा असतो खरा, पण तो कुठे वळत नाही, पुढच्याच्या बैठकीखाली घट्ट बसवलेला असतो. मागच्याने पाय चालवायचे, पाठीमागून मोटार आली की "गाडी!" असं ओरडायचं, वळताना हात दाखवायचा, खिशातून जर्दाळू काढून पुढे द्यायचे. सोलांजने हे सगळं मनापासून केलं होतं. बालवाडीत शिकवायची तेव्हाही मुलांची रांग बागेत न्यायची झाली की ती शेवटी चालायची, म्हणजे सगळी डोकी दिसतात. पुढे दुसऱ्या बाई असायच्या. शेवटी चालायची तिला सवयच होती.

रेजीसच्या डोळ्यांचं मधलं गेलं होतं. गेल्या हिवाळ्यात ते सुरू झालं, सुरुवातीला अक्षरं वाकडी दिसू लागली, मग माणसांच्या चेहऱ्यांवर करडा डाग आला. कडेचं दिसायचं. टेबलाच्या टोकाला बसलेली मांजर दिसायची, समोर बसलेली बायको दिसायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कडा राहतील. रेजीस घरी आला, त्याने सायकलच्या साखळीला तेल दिलं आणि त्यानंतर त्याविषयी एक अक्षर काढलं नाही. आज काढलं, तेही लोणी लावताना.

सोलांज 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. आपण नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा कधी सायकलवर बसणार नाही, एवढं तिला दिसत होतं. आणि हो म्हणून एखाद्या घाटात त्याला दरीत घातलं तर? डोंगराचा उतार ती स्वतःच्या हातांनी कधी उतरली नव्हती. तिच्या हातांना ब्रेक म्हणजे काय ते बाजारापुरतं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने त्याची लग्नाआधीची एकट्याची सायकल बाहेर काढली. बैठक आदल्या संध्याकाळीच खाली करून ठेवली होती. रेजीस जिन्याच्या दारात उभा होता, मान जराशी वाकडी करून. अलीकडे कुणाकडे बघायचं झालं की तो असा दुसरीकडे बघायचा.

"कुठवर?"

"नदीपर्यंत उतरते. पलीकडून पिलाचा डोंगर चढून परत."

"म्हणजे दोन मोठे उतार आले."

"माहीत आहेत मला."

"तुला त्यांच्या कडेची कुंपणं माहीत आहेत," तो म्हणाला आणि हसला. मग हसू आवरून म्हणाला, "हवा बघ. बर्फाचे संत लागलेत आजपासून."

मे महिन्यातले ते तीन दिवस, तीन संतांचे. ते उलटल्याशिवाय या भागात कुणी टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाही. रेजीसची रोपंही अजून खिडकीतच होती.

शहर संपतं तिथूनच चढ लागतो. शेवटची घरं, शेवटचा बसथांबा, मग देवदारांचं रान. हा रस्ता सोलांज किती वेळा चढली असेल त्याला गणती नव्हती, आणि आज तो तिला ओळखू येईना. तिच्या ओळखीचा रस्ता म्हणजे निळ्या लोकरीच्या अंगरख्यातली एक पाठ. दोन खांद्यांच्या मध्ये तिनेच रफू केलेली जागा, पहिल्या वळणापर्यंत कोरडी, दुसऱ्या वळणावर घामाने गडद होऊ लागणारी, आणि रानात शिरेपर्यंत त्या घामाचा मोठा डाग झालेला. त्या पाठीच्या उजवीकडे शेवाळलेली भिंत, डावीकडे दरी. भिंतीतून गळणारं पाणी, एक लोखंडी क्रूस, एका घराच्या पायरीवर कायम झोपलेला कुत्रा. तो कुत्रा मेला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही तिथेच झोपायचा. हे सगळं तिला पाठ होतं. पण रस्ता समोर कसा असतो हे तिने पाहिलंच नव्हतं. आता समोर पाठ नव्हती. झाडांच्या दोन काळ्या भिंतींमधून रस्ता वर जात होता आणि वर गेल्यावर चक्क आभाळात शिरत होता. धुकं खाली येत होतं, मध्येच फाटत होतं, फाटलं की तिथून ऊन सरळ डांबरावर पडायचं आणि डांबराची वाफ व्हायची. ती वाफ तिच्या अंगावर यायची. सगळंच अंगावर येत होतं. आजवर गोष्टी तिच्या शेजारून मागे गेल्या होत्या, आज त्या समोरून येऊन मग शेजारी होत होत्या. एका वळणावर तिने पाय थांबवले आणि उगाचच खाली उतरून उभी राहिली. छाती धडधडत होती. चढामुळे असेल. "अरे देवा, हे रोज इथंच होतं," ती मोठ्याने म्हणाली. मागून मोटारीचा आवाज आला आणि सवयीने ती ओरडली, "गाडी!" मोटार निघून गेली. रानात कुणीच नव्हतं आणि तिला हसू आलं, मग हसू गेलं.

खिंडीच्या माथ्यावर पोचली तेव्हा ऊन नव्हतं. आभाळ करडं होऊन झाडांच्या शेंड्यांवर टेकलं होतं, आणि पाटीला हात लावते तोवर पाणी आणि बर्फ एकत्रच पडू लागलं. रेजीस असता तर इथे चांगला वेळ थांबला असता, खानावळीत जाऊन पाणी प्यायला असता, दाराजवळच्या दांड्यावरून कालचं वर्तमानपत्र मागून घेतलं असतं. सोलांजला थंडी वाजत होती म्हणून ती निघाली.

पहिल्या सरळ पट्ट्यावरच वारा तिच्या छातीत शिरला. असा वारा तिने कधी खाल्ला नव्हता. तो कपड्यांवर थांबत नव्हता, सरळ बरगड्यांमध्ये जात होता. बोटं बधिर झाली, ब्रेकची मूठ हातात आहे की नाही कळेना. आणि ती वाट बघत होती. कशाची वाट बघतोय हे तिला एकदम कळलं: रेजीसच्या आवाजाची. "वळण, डावं," "खडी," "धर." तो आवाज आल्याशिवाय तिच्या अंगाला कलायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. वळण आलं. पांढरे रंगवलेले दगड आले, त्यापलीकडे देवदारांचे शेंडे, म्हणजे खाली पुष्कळ खोली. तिने डोळे दगडांवर खिळवले आणि सायकल इमानदारीने दगडांकडेच निघाली. मुलांना शाळेच्या अंगणात सायकल शिकवताना ती हजारदा म्हणाली असेल, "खांबाकडे बघू नकोस रे राजा, खांबाकडे बघितलंस की खांबावरच जाशील. जायचंय तिकडे बघ." आता ती दगडाकडे बघत होती. कसाबसा ब्रेक लागला, मागचं चाक ओल्या रस्त्यावर घसरलं आणि ती दगडाला पाय लावून उभी राहिली. मग ती सायकल हातात धरून चालत उतरली, पुढचं गाव दिसेपर्यंत. उतारावरून सायकल ढकलत नेणारी साठीची बाई. दोन तरुण सायकलस्वार खालून वर येत होते, त्यांनी नम्रपणे मान लववली, आणि तिला रेजीसचा चेहरा दिसला, येत्या रविवारचा, त्या जोडप्याला सायकलचे गिअर समजावून सांगतानाचा.

बूर गावातल्या खानावळीत तिला आणि रेजीसला सगळे ओळखत. मालकीण मादाम शापुई टेबल पुसत होती. खिडकीशी म्हातारा फोशे बसला होता, जो सकाळपासून एकाच पेल्याशी बसतो.

"काय हे!" फोशे म्हणाला. "आज मागचा डबा एकटाच सुटला की काय? इंजिन कुठं राहिलं?"

"इंजिन घरी आहे," सोलांज म्हणाली.

"गप बसा हो फोशे," मादाम शापुईने त्याला झापलं आणि सोलांजच्या ओठांकडे बघून ती थांबली. "निळ्या पडलात की! बसा तिथं, चुलीपाशी. मसूर गरम आहेत. डोळ्यांचं कळलं मला त्यांच्या. कसे आहेत?"

"सायकलीला तेल देतात."

"मग बरे आहेत."

मसुरावर सॉसेजचे दोन तुकडे होते. सोलांज खाली मान घालून खात राहिली. खाणं संपेपर्यंत बाहेर ऊन आलं होतं, मग गेलं, मग पुन्हा आलं. फोशे तिच्याकडे बघत होता.

"खिंडीवरून तशाच उतरलात?" त्याने विचारलं. "छातीला कागद न लावता?"

तिने मान वर केली. कागद. माथ्यावर पोचलं की रेजीस उतरायचा, अंगरख्याची गळपट्टी पुढे ओढून धरायचा, आणि ती वर्तमानपत्राची घडी करून आत सरकवायची, छातीपासून पोटापर्यंत, मग वरून थापटायची. बाकीचे सायकलवालेही असंच करतात. इतक्या वर्षांत किती वर्तमानपत्रं त्या छातीवर गेली असतील. आणि आज माथ्यावर उभं राहून तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, कारण तिला स्वतःला कधी कागद लागलाच नव्हता. तिच्यासाठी वारा नव्हताच. तिच्यापुढे ती पाठ होती.

"हे घ्या," मादाम शापुई म्हणाली. "कालचं आहे. एक आणखी घ्या, संत अजून दोन दिवस आहेत."

सोलांजने तिथेच घडी घातली. हात आपोआप चालले. आत सरकवून बघितलं तर कागद दोन्ही काखांमध्ये बोचू लागला, कारण घडी रेजीसच्या छातीच्या मापाची होती. तिने ती काढून पुन्हा लहान घातली. फोशे पेल्यात बघत राहिला.

नदीपर्यंतचा उतार मोठा नव्हता आणि ऊन होतं. खाली पीचच्या बागांमध्ये हिरवी फळं बोटाच्या पेराएवढी झाली होती, आणि हवा उन्हाळ्यासारखी होती. ऱ्होन नदी संथपणे चालली होती. सकाळी बर्फ आणि आता घामाने चिकटलेला कागद. नदीकाठाने ती काही वेळ पाठीवर वारा घेत गेली, मग पिलाच्या डोंगराकडे वळली आणि चढू लागली. चढताना तिच्या मनात एक प्रश्न घोळत होता, तोच पुन्हा पुन्हा. त्याला कधीच भीती वाटली नसेल का? इतक्या घाटांत, इतक्या ओल्या वळणांवर, दोन माणसांचं ओझं खाली नेताना, मागे ती गुणगुणत असायची. हो, गुणगुणायची. एकदा ओव्हेर्नच्या डोंगरात गारा पडत असताना तिने त्याला ओरडून सांगितलं होतं, "डावीकडं बघ, घार गाईच्या पाठीवर बसलीय!" तो काही बोलला नव्हता. रात्री मुक्कामाला पोचल्यावर तो पलंगावर आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "सांग, काय काय पाहिलं आपण?" तो रोज हे विचारायचा. ती रोज सांगायची. दोरीवर लाल चादरी वाळत घालणारी बाई, चर्चच्या घंटेवर चढलेला माणूस, घार. बालवाडीत दुपारच्या झोपेआधी ती मुलांना विचारायची तसंच हेही, असं तिला वाटायचं. कधी ती दमलेली असायची आणि वैतागायची. "तुलाही डोळे आहेत की! तू तर पुढं होतास, माझ्याआधी दिसलं असणार तुला." "तू सांग," तो म्हणायचा. "तू सांगतेस ते चांगलं असतं."

बीच झाडांच्या रानात नवी पानं आली होती, इतकी कोवळी की त्यांतून पडणारा उजेडही हिरवा होता. मग गारा आल्या. ती एका झाडाला चिकटून उभी राहिली. गारा रस्त्यावर उडत होत्या, पानांतून सळसळत उतरत होत्या, आणि पाच मिनिटांत सगळं थांबलं. रानाबाहेर आली तेव्हा ती डोंगराच्या धारेवर होती आणि पूर्वेकडचं सगळं आभाळ धुतलं गेलं होतं.

खाली नदीचा पट्टा, त्यापलीकडे शेतं, त्यांपलीकडे निळे डोंगर एकामागे एक, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, ढगांच्याही वर, आल्प्स. आधी तिला ते ढगच वाटले. मग ते हलेनात. पांढरे, टोकदार, ओळीने उभे, आणि मधोमध मों ब्लां, गुलाबी उजेडात. इतकी दूर असलेली गोष्ट इतकी स्पष्ट कशी दिसते? तिने सायकल गवतात आडवी टाकली. या जागेवरून ती पूर्वी गेली होती. तेव्हा तिने उजवीकडे मान वळवून हे पाहिलं होतं, एका पाठीच्या कडेने, चालत्या सायकलवरून. आज ती तोंड करून समोर उभी होती आणि ते तिच्यासमोर होतं, मध्ये कुणी नव्हतं. हात जोडावेत असं तिला वाटलं, पण ती कधी कुणासमोर हात जोडणारी नव्हती. ती नुसती उभी राहिली. एवढं मोठं जग रोज इथे असतं, कुणी बघो न बघो. खाली घरं आहेत, त्यांत माणसं बटाटे सोलतायत, आणि त्यांच्या डोक्यावर हे असं उभं आहे. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने असेल. मग पुन्हा एक करडा पडदा दक्षिणेकडून सरकत आला, डोंगर एकेक करून पुसत गेला, शेवटी मों ब्लांही पुसला, आणि तिला एकदम रेजीसच्या डोळ्यांतला तो डाग आठवला.

शेवटचा माथा. इथून खाली शहर. पाऊस सुरू झाला होता. तिने दुसरं वर्तमानपत्र काढलं, आपल्या मापाची घडी घातली, गळपट्टी पुढे ओढून आत सरकवली आणि वरून थापटली. थापटताना स्वतःचाच हात परका वाटला. मग ती बसली.

पहिल्या वळणाआधी वारा छातीवर आला आणि कागदावर थांबला. थांबला! तिने दगडांकडे बघितलं नाही. वळणाच्या शेवटाकडे बघितलं, जिथे रस्ता पुन्हा दिसत होता, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, "वळण, उजवं." सायकल कलली. "खडी. धर." बोटांनी ब्रेक हळूच दाबला. "ओलं आहे. हळू." ती बोलत होती, मोठ्याने, मागे वळून न बघता, मागे कुणी बसलंय अशी. आवाज रेजीसचा नव्हता. हा बालवाडीतला आवाज होता, मुलांना रस्ता ओलांडून नेतानाचा. "आता डावं. सरळ. गाय आहे कडेला, मी बघितलीय तिला, तू नको काळजी करूस." रस्ता खाली धावत होता, ती त्याच्यामागून धावत होती, आणि भीती होती, पण भीतीला हातात काम होतं. कधी खाली आली ते कळलंच नाही. शहराच्या वरच्या गावातल्या कारंज्यापाशी तिने सायकल उभी केली, पाणी प्यायली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

वाटेत जुना किल्ला लागतो, सुळक्यावर उभा असलेला. तो तिने पाहिला नव्हता. धरण लागतं, तेही नाही. रान होतं की कुरण होतं? त्या गायीचा रंग कोणता होता? तिने आठवून बघितलं. फक्त काळा, ओला, चकाकणारा रस्ता होता, पुढचे दहा हात. बाकी काहीच नव्हतं. ती कारंज्याच्या कठड्यावर बसली. इतकी वर्षं. घार, लाल चादरी, घंटेवरचा माणूस. पुढे बसलेल्या त्या माणसाने यांतलं काहीच पाहिलं नव्हतं. त्याने फक्त रस्ता पाहिला होता, दोघांसाठी, आणि रात्री डोळे मिटून तो तिच्याकडून जग ऐकत होता. आणि तिला वाटायचं तो परीक्षा घेतोय. पाणी कारंज्यातून पडत होतं. अशा माणसाच्या पाठीमागे आपण बसलो होतो, या विचाराने तिला सकाळपासून पाहिलेल्या कशानेही झालं नव्हतं तसं झालं. आल्प्सनेसुद्धा.

ती घरी पोचली तेव्हा रेजीस जिन्याच्या बोळात जोडसायकलीपाशी बसला होता. हातात फडकं होतं. पावलांचा आवाज येताच त्याने मान वाकडी केली.

"आलीस. भिजलीस का?"

"वरून भिजले. आतून नाही."

त्याने विचारलं, नेहमीसारखंच. "सांग. काय काय पाहिलं आपण?"

सोलांज पायरीवर टेकली. आल्प्सबद्दल सांगावं असं वाटत होतं, ते ती सांगणारच होती, सावकाश. पण आधी ती म्हणाली, "रस्ता."

"आणि?"

"उतारावर? ओला रस्ता. बाकी काही नाही."

रेजीस हसू लागला, पोटातून, अगदी सायकलचा दांडा धरून, आणि तीही हसली. त्याने फडकं डोळ्यांना लावलं.

"मग आता रात्री सांगणार कोण?" तिने विचारलं. "काय पाहिलं ते?"

"कडेचं दिसतं मला," रेजीस म्हणाला.

बाहेरून ट्राम जाण्याचा आवाज आला. तिने अंगरख्यातून वर्तमानपत्र काढलं. ते एका बाजूने ओलं आणि दुसऱ्या बाजूने अंगासारखं गरम होतं. "रविवारी त्या पोरांना कॉफी पाजू आणि परत पाठवू," ती म्हणाली. रेजीसने हात पुढे केला आणि कागद तिच्या हातातून घेतला. तो त्याने मांडीवर पसरला, हाताने सपाट केला, आणि मान दुसरीकडे वळवून बोटांनीच घडी घालायला लागला. एकदा घातली. मग थांबला, हात लांबवून तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकून मोजलं, आणि घडी मोडून पुन्हा लहान घातली.